काचेतला उंबर

काच फुटली, हरियल आत आला आणि यांच्या छातीवर पडला. हे म्हणजे माझा नवरा. पलंगावर उताणे झोपले होते. त्यांनी दोन्ही हातांनी पक्षी धरला, डोळे वर केले आणि तोंड उघडं टाकलं. पक्ष्याचंही तोंड उघडंच होतं. मी हातात पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी. आधी कोणाच्या तोंडात पाणी घालावं ते मला समजेना.

तेवढ्यात ओसरीवर शेजारचे भाऊजी आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

"वहिनी, धप झालं. पडलं का काई?"

"दोन पडले," मी म्हटलं. "तुमाले कोणता पाहिजे?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. पुढे गावातल्या लोकांनी ते मला पुष्कळ वेळा ऐकवलं. पण मी बोलले ते बोलले.

ही गोष्ट आमच्या सिंदीची. ती काच आमच्या मुलाने नागपूरहून आणली होती. समोरच्या खोलीला आधी लाकडी गजांची छोटी खिडकी होती. मुलगा म्हणाला, आता असं कोणी ठेवत नाही. त्याने अर्धी भिंत पाडली, तिथे एक सलग मोठी काच बसवली आणि तिच्यावर काळी फिल्म चिकटवली. तेव्हा तशी टूमच होती, जीपगाडीलाही काळ्या काचा आणि घरालाही. बाहेरून पाहिलं तर आतलं काही दिसत नसे. आतून मात्र सगळा रस्ता दिसे.

मला ती काच आवडली नाही, कारण ती पुसायची मला होती. यांना मात्र फार आवडली. यांची धान्याची अडत होती, तूर, चना, जवस. बाजाराकडे जायचा रस्ता आमच्या दारावरून. कोणाची बैलबंडी कोणाच्या अडतीवर चालली, कोणाचे बैल बदलले, कोण कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून आला, हे सगळं यांना खाटेवरून दिसे आणि हे कोणाला दिसत नसत. मग बाजारात गेले की म्हणायचे, "काऊन रे, काल तूर घेऊन तिकडं गेलता ना?" समोरचा गार पडायचा. लोक म्हणत, शेटजींना काही तरी विद्या येते. विद्या कसली, काच होती.

मग त्याच थंडीत यांच्या छातीत दुखलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात दहा दिवस ठेवलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आजी, यांना तंबाखू नको, जिना नको, आणि मुख्य म्हणजे दचकू देऊ नका. पुन्हा झटका आला तर हाती लागणार नाहीत."

तंबाखू मी त्याच दिवशी बंद केली. जिना आमच्या घरात नव्हता. दचकणं तेवढं राहिलं.

यांचा पलंग काचेजवळ टाकला. बाजारात जाणं बंद झालं होतं, रस्ता पाहणं हेच काम. रस्त्यापलीकडे उंबराचं मोठं झाड आहे. बंड्या त्याच्या सावलीत सुटतात. उन्हाळा लागला तसे उंबर पिकले आणि पाखरं आली. ती दरवर्षी येत. काच बसल्यावरचा तो पहिलाच उन्हाळा, आणि ती आमच्या घरात यायला लागली.

पहिला बुलबुल होता. हे चहा पीत होते. काचेवर टक्क झालं आणि सगळा चहा बनियनवर. मी पाहिलं तर यांचा चेहरा पांढरा. दुसऱ्या दिवशी हरियल आपटला. हरियल कबुतराएवढा, हिरवापिवळा, अंगानं भरलेला. तो आपटला म्हणजे कोणी ओलं पोतं फेकून मारल्यासारखा आवाज होई. हे पलंगावर हातभर उडाले. मग रोजच. सकाळी दोनतीन, दुपारी एखादा.

खरं सांगायचं तर मला पाखरांची फार दया नव्हती. मला यांची काळजी होती, आणि लोकांची. माणूस गेला तर जातो. पण लोक दारात येऊन विचारतात, "कशानं गेले?" तेव्हा काय सांगायचं? बुलबुल आपटला म्हणून गेले? चाळीस वर्षं बाजार हालवलेला माणूस. मला ते सांगायची लाज वाटली असती.

मेलेल्या पाखरांचं गिऱ्हाईक शेजारीच होतं. भाऊजी रेल्वेतून रिटायर झालेले, एकटे राहणारे. आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही, त्यांच्या घरात दुसरं काही शिजत नव्हतं. धप झालं की पाच मिनिटांत पिशवी घेऊन हजर. "तुमच्या कोणत्या कामाचं? फेकूनच देसान ना." ते खरं होतं. पण पक्षी जिवंत असला तर मी त्याच्यावर टोपली झाकायची. तासाभरात बरेचसे शुद्धीवर येऊन उडून जात. भाऊजी तोवर टोपलीपाशी उकिडवे बसून राहत.

"हा काई राहत नाई, वहिनी."

"राहते. तुम्ही घरी जा."

"मी मसाला वाटून ठेवला आहे."

"तर त्यात आलू टाका."

मुलाने पहिल्यांदा आतून पडदा लावला. जाड, मरून रंगाचा. पाखरं बाहेरून आपटत होती, त्यांना आतल्या पडद्याशी काय घेणं? ती आपटतच राहिली. वरून यांचा रस्ता बंद झाला. हे म्हणाले, "मले जिवंतपणी झाकून टाकलं." आणि जेवले नाहीत. संध्याकाळी पडदा काढला.

मग मुलाने शेतातला उपाय केला. ज्वारी भरली की आमच्याकडे शेतात कॅसेटची फीत ताणतात. ती वाऱ्यानं गुणगुणते आणि पाखरं भितात. माझ्या भजनाच्या पाच कॅसेट होत्या. न विचारता त्याने त्या उकलल्या आणि ओसरीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणल्या. वारा सुटला की सगळी ओसरी हूंऽऽ करायची. पाखरं दोन दिवस भ्यायली. तिसऱ्या दिवशी एक साळुंकी फितीवर बसून झोका घेत होती. यांना मात्र त्या आवाजानं झोप लागेना. "माझ्या उशाशी कोण रडून राह्यलं?" म्हणाले. मी कैचीनं सगळी फीत कापून टाकली. भजनं गेली ती गेलीच.

मग बुजगावणं. ही कल्पना माझी, मी नाकबूल करत नाही. शेतात चालतं तर घरी का नाही चालणार, एवढाच विचार केला. बांबूच्या क्रॉसवर वाळल्या गवताचं तणस बांधलं आणि यांचं धोतर, कोट, काळी टोपी चढवली, कारण हे आता बाहेर जात नव्हते आणि कपडे पेटीत पडून होते. खांद्यावर उपरणं टाकलं आणि रस्त्याकडे तोंड करून काचेसमोर उभं केलं.

हे आतून पाहत होते. मग म्हणाले, "माझी पाठ अशी दिसते?"

"साधारण," मी म्हटलं.

"एवढा वाकलो मी?"

"तो बांबू वाकडा आहे."

"त्याले बाजूले कर. मले रस्ता दिसत नाई."

मी बाजूला केलं नाही. सकाळपासून एकही पाखरू आपटलं नव्हतं. पण माणसं यायला लागली. अंगणाबाहेरून बंडीवाले हात जोडत, "शेटजी, बरं वाटते का आता?" उत्तर आलं नाही की पुढे जात, "अजून बोलणं आलं नाई वाटते." एक जण उभा राहिला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "शेटजी, मागच्या साली तुमच्या काट्यावर माझी तूर कमी भरली. तवा तुमी बोलू देलं नाई. आता मी बोलतो, तुमी ऐका." आणि त्याने सगळं सांगितलं. आत हे उठून बसले. "कोण आहे रे तो! काट्याले नाव ठेवते!" छातीवर हात. मी धावत बाहेर गेले आणि त्या माणसाला पिटाळलं. तो जाताना बुजगावण्याच्या पाया पडून गेला.

सगळ्यात मोठा घोळ बैलांच्या दलालानं केला. म्हातारा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू. आमची बैलजोडी विकायची होती, म्हणून मुलाने त्याला बोलावलं होतं. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. हा आला तो थेट ओसरीवर गेला, राम राम केला आणि उपरण्याखाली हात घालून बाहीत बोटं शोधायला लागला. शोधतो आहे, शोधतो आहे. हाती तणस.

आतून हे पाहत होते. मला म्हणाले, "तो मले काय भाव देऊन राह्यला?" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता घाम. मला वाटलं, दचकून नाही तर हसून जातात. मी बाहेर जाऊन दलालाचा हात बाहेर ओढला. तो रागावला होता. "शेटनं बोट धरू देलं नाई. नसन विकायची तर तोंडानं सांगावं. पन्नास वर्षांत मले असं कोणी केलं नाई." त्याला खरं सांगितलं असतं तर त्याला जास्तच लागलं असतं. मी म्हटलं, "ते आजारी आहेत." तो म्हणाला, "हात तर एकदम वाळून गेला."

त्या संध्याकाळी मी बुजगावणं मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हरियल आपटला.

तो मेला होता. भाऊजींच्या वाट्याचा. मी तो उचलायच्या आधी रस्ता ओलांडून उंबराखाली गेले, कारण हा येतो कुठून ते मला पाहायचं होतं. झाडाखाली पक्ष्यासारखी उकिडवी बसले आणि घराकडे पाहिलं. माझ्या घराच्या भिंतीत उंबराचं झाड होतं. फांद्या, पानं, पिकलेली लाल फळं, मागे आभाळ, सगळं. खिडकी नव्हतीच. मी रोज ती काच पुसत होते, पण दोन हातांवरून. दोन हातांवरून आपलं तोंड दिसतं. झाडापासून झाड दिसतं.

मुलगा आंघोळ करून आला तेव्हा त्याला सांगितलं. "पाखराले काच दिसतच नाई. त्याले उंबर दिसते. तो या उंबरावरून त्या उंबरावर जाते."

"माय, तू चवथी शिकलेली."

"पाखरू तेवढंई शिकलं नाई. म्हणून तर आपटते."

मी म्हटलं, बाहेरून काचेला शेण लाव, चुना लाव, काही तरी लाव, म्हणजे उंबर दिसणार नाही. आतून हे ओरडले, "माझ्या काचेले हात लावशील तर मी अन्न सोडीन." डॉक्टरीणबाईंनी ओरडायचंही मना केलं होतं. मी गप्प बसले. तिथे चुकले.

मुलाने वेगळंच डोकं चालवलं. त्याच्या एका मित्राचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. त्याने सांगितलं, आरशाची फिल्म लाव, पाखरू स्वतःचं तोंड पाहून भिऊन परत जाईल. दोघांनी मिळून काळ्यावर चांदीची फिल्म चढवली. चढवताना काचेच्या खालच्या कोपऱ्याला पेचकस लागला आणि बोटभर तडा गेला. त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली. मी पुन्हा रस्ता ओलांडून पाहिलं. आता उंबर आधीपेक्षा छान दिसत होता. फळं मोजता आली असती.

दोन दिवसांनी हरियलांचा थवा उठला. कोणी तरी बंडीचा बैल झाडाखाली बिथरला असेल. सगळे एकदम निघाले आणि त्यातला एक सरळ आमच्या घरातल्या उंबरावर आला.

फिल्म होती म्हणून काच विखुरली नाही. पापडासारखी मोडली आणि आत लोंबली. यांना खरचटलंही नाही. पण ते बोलेनात. हातपाय गार, कपाळावर घाम, आणि छातीवर दोन्ही हातांत पक्षी. मी पक्षी ओढून पाहिला तर त्यांनी मूठ आवळली. तेव्हा मला समजलं, अजून आहेत.

भाऊजींनी माझं बोलणं ऐकलं, आत डोकावले आणि पिशवी तिथेच टाकून स्टेशनकडे पळाले. रेल्वेतला माणूस, त्या वयात असा पळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. काळीपिवळी जीप घेऊन आले. मुलगा बाजारात होता, त्याला निरोप धाडला. जीपमध्ये सेलूचे तीन प्रवासी बसलेले होते. ते उतरायला तयार नव्हते, म्हणाले, सेलू वाटेतच आहे. मग त्यांच्या मांडीवर यांचे पाय ठेवले आणि निघालो.

थोडं पुढे गेल्यावर त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, "पक्षी बिमार आहे का, काकू?"

"नाई. माणूस बिमार आहे."

"मंग पक्षी काऊन नेऊन राह्यले?"

"मी नेत नाई. हे नेऊन राह्यले."

भाऊजी पुढच्या सीटवरून सारखे मागे वळून पाहत. मी म्हटलं, "काय पाहता?" ते म्हणाले, "वहिनी, देवाशपथ मी शेटजींकडेच पाहतो." त्या बाईनं यांच्या कपाळाला आपल्या पदरानं वारा घातला. वारा पक्ष्याला लागला आणि त्याने डोळे मिचकावले. यांनी मिचकावले नाहीत. ते मला अजिबात आवडलं नाही. सेलूला तिघंही उतरले नाहीत. म्हणाले, आता सेवाग्रामपर्यंत येतो, काय होते ते समजेल.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने चादर बाजूला केली आणि थांबला.

"हे काय आहे?"

"हरियल."

"हातातून काढा. मला नाडी पाहायची आहे."

"सोडत नाईत ते."

डॉक्टरने हळूच बोटं उघडायला सुरुवात केली. तेव्हा हे घरून निघाल्यापासून पहिल्यांदा बोलले. "इथं नको. इथं काचा आहेत."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर बोलतात ते." मग यांनी आपल्या हातानं पक्षी माझ्या पदरात दिला. मी तो घेऊन बाहेर गेले, पार इमारतीपासून दूर, आणि निंबाच्या झाडाखाली पदर उघडला. हरियल थोडा वेळ बसला, माझ्या लुगड्यावर घाण केली आणि उडाला.

आत आले तर यांच्या छातीला वायरी लावल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, नवीन झटका नाही, पण ठोके बिघडलेत, चारपाच दिवस ठेवावं लागेल, दोन दिवस सांगता येत नाही. ते दोन दिवस मी पलंगापाशी खाली बसून काढले. तिसऱ्या दिवशी यांनी तंबाखू मागितली, तेव्हा मी मुलाला यांच्याजवळ बसवलं आणि घरी आले.

मुलाने तोवर नवी काच बसवली होती, तशीच काळी, कारण यांना तीच हवी असणार. मी कोणाला विचारलं नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो तो ऑइलपेंटचा डबा गुरांच्या कोठ्यात होता, अर्धा पिवळा, अर्धा लाल. बैल सजवताना आम्ही त्याच्या अंगावर हाताचे पंजे उठवतो. मी तसेच काचेवर बाहेरून उठवले. रंगात हात बुडवायचा, दाबायचा, पुढे सरकायचं. दोन पंज्यांमध्ये एका पंज्यापेक्षा कमी जागा ठेवली. पाखरू त्यातून जायचा विचार करणार नाही आणि यांना रस्ता दिसेल. वरच्या ओळीसाठी भाऊजींनी स्टूल धरलं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या पोटावर पाय देऊन राह्यल्या तुमी." पण स्टूल घट्ट धरलं होतं.

हे घरी आले आणि जीपमधूनच ओरडले, "घराचा बैल केला का!"

मी म्हटलं, "हो. आत चला."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पंज्यांच्या फटीतून पाहत म्हणाले, "तो पहा, पुन्हा तूर घेऊन तिकडंच चालला." तेव्हा मी स्वयंपाकाला लागले.

गावातल्या बायांना वाटलं, मी नवऱ्याच्या जिवासाठी नवस केला आणि त्याचे पंजे आहेत. शुक्रवारी चारपाच जणी हळदकुंकू घेऊन आल्या. एकीनं काचेला नारळ फोडायला उचलला. मी तो हातातून हिसकला. "हे देवाचं नाई, पाखरासाठी आहे," असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नवसाचं सांगत नसतात, बरोबर आहे," आणि कुंकू लावून गेल्या. मग मी काच पुसायचंच सोडून दिलं.

हरियल येत राहिले आणि उंबरावरच बसत राहिले. वरच्या कोपऱ्यात, जिथे माझा हात पोचला नव्हता, तिथे एकदा एक साळुंकी आपटली. हे उडाले नाहीत, फक्त म्हणाले, "तिथं राहून गेलं तुझं." मी स्टुलावर पाट ठेवून चढले आणि तिथेही पंजा उठवला. त्यानंतर आवाज नाही.

हे आणखी नऊ वर्षं जगले आणि एका दुपारी जेवून झोपेत गेले. लोकांनी विचारलं, कशानं गेले. मी म्हटलं, म्हातारपणानं. भाऊजी त्यांच्या आधी दोन वर्षं गेले. दवाखान्यातला तो हरियल उडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, पुढचं त्याचं मला माहीत नाही. मी अजून आहे.